न विचारता वाटलेले पेढे

चँडलर, १७ एप्रिल २००८

प्रिय नंदू,

शनिवार, १२ एप्रिल २००८, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता आणि त्या हायस्कूलच्या कॅफेटेरियात तुझ्या डोक्यामागेच घड्याळ होतं, म्हणून वेळ पक्की सांगते. एडिसनहून मागवलेल्या पेढ्यांचा खोका तू उघडलास, ऋताच्या हातात दिलास आणि म्हणालास, “जा, सगळ्यांना दे, नमस्कार कर.” पूर्वेकडच्या त्या बड्या नावाच्या खाजगी विद्यापीठात ती जाणार, हे तू माइकवरून सांगून मोकळा झालास. तिने त्यांना होकार कळवलेला नव्हता, आणि कळवायचाही नव्हता. तरी ती सतरा वर्षांची मुलगी प्रत्येकापुढे वाकत फिरली. पुरुषोत्तमरावांनी दोन पेढे उचलले आणि तिला विचारलं, “मग, विषय कोणता?” उत्तर तूच दिलंस. “इकॉनॉमिक्स, काका.”

गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. मी म्हटलं, “बाबाशी मी बोलते.” ती म्हणाली, “इट्स ओके, आजी. पेढे वाटून झाले ना.” या देशात जन्मलेली मुलगी, मराठी धड वाचता येत नाही, पण पेढे वाटले की विषय संपला एवढं मात्र बरोबर शिकली. घरी पोचल्यावर तूही तेच म्हणालास. “आता लोकांना काय सांगू?” ऋताची आई म्हणून मालिनीने बिचारीने काही बोलायला तोंड उघडलं, तर तिला तू रिकामा खोका रिसायकलिंगमध्ये टाकायला पाठवलंस.

मी सोमवारी विमानात बसून इथे चँडलरला, शुभाकडे आले. तू सगळ्यांना सांगतो आहेस म्हणे की आईला मिशिगनची थंडी बाधते. नंदू, अर्धा एप्रिल संपलाय. शुभा आणि मी नागपूरच्या एकाच कॉन्व्हेंटात शिकलो. खोटं पकडलं गेलं की आमच्या सिस्टर शंभर ओळी लिहायला लावायच्या. तुझ्या या वाक्याच्या तू शंभर ओळी लिहायला हव्यास.

“सरकारी ते सरकारीच,” असं तू म्हणालास. गेल्या ऑक्टोबरात मी आणि ऋताने तीन सरकारी विद्यापीठांचे ऑनर्स प्रोग्राम, म्हणजे हुशार मुलांसाठीचे खास अभ्यासक्रम, जाऊन पाहिले, तेव्हा तू ऑफिसात होतास. गाडी ती चालवायची, नकाशा मी धरायचे, त्यामुळे दोनदा चुकलो. मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे; माहितीपत्रकातली हसरी मुलं पाहून मी गुण देत नाही. वही घेऊन बसले आणि सगळीकडे तेच विचारलं. वर्गात मुलं किती? शिकवतं कोण, प्राध्यापक की त्यांचा विद्यार्थी? एका सत्रात ग्रेड घसरली तर बाहेर काढता की सांभाळून घेता? शेवटच्या वर्षाचा प्रबंध कोणाच्या हाताखाली? पहिल्या ठिकाणी ऑनर्स म्हणजे तोच तीनशे जणांचा वर्ग, वर एक जास्तीचा निबंध. तिथल्या टाय लावलेल्या गृहस्थाने मला “यंग लेडी” म्हटलं, त्याचेही मी गुण कापले. दुसऱ्या ठिकाणी वसतिगृह सुरेख होतं. प्रबंधाबद्दल विचारलं तर पुन्हा वसतिगृहच दाखवलं.

तिसऱ्या ठिकाणी, वर उत्तरेला, आम्हाला एक बाई भेटल्या. पायात रबरी बूट. तळ्याच्या तळातला गाळ नळीने वर काढतात आणि त्याच्या थरांवरून हजारो वर्षांपूर्वीचं पाणी कसं होतं ते सांगतात. बारा-चौदा मुलांचा वर्ग त्या स्वतः घेतात, आणि ऑनर्सच्या मुलांना पहिल्याच उन्हाळ्यात बोटीवर नेतात. ऋताने ती चिखलाची नळी हातात घेतली आणि अर्धा तास सोडली नाही. परत येताना ती शंभर मैल नुसती बोलत होती. नंदू, तुझी मुलगी शेवटची शंभर मैल कधी बोलली होती तुझ्याशी?

त्या बड्या विद्यापीठात वाईट काही नाही. तिथे हा विषय असेल, नसेल. तू पाहिलंसच कुठे? तुला एवढंच माहीत, की नाव घेतलं की एडिसनपासून चँडलरपर्यंत कोणी “ते कुठे आलं?” असं विचारणार नाही. उत्तरेकडच्या विद्यापीठाचं पत्र जानेवारीपासून फ्रिजवर चुंबकाने लावलंय. एक मेच्या आत होकार जायला हवा, आणि ती अठराची नाही म्हणून वसतिगृहाच्या करारावर पालकाची सही हवी. तुझ्या सहीची जागा कोरी आहे. फ्रिजमधून दूध घेताना रोज तुझ्या नाकासमोर असते.

आता मी खरं म्हणजे का निघून आले ते लिहिते. भांडायला तर मला तुझ्या घरी, नोव्हायमध्येच आवडलं असतं. रविवारी ऋता बेसमेंटमधून एक चपलांचा खोका घेऊन आली. त्यात नागपूरच्या टाकळीच्या नाल्यातून तू आणलेले दगड होते, शिंपल्यांचे ठसे असलेले, प्रत्येकावर तुझ्या शाळकरी अक्षरात तारीख. ती म्हणाली, “आजी, हे पण तळ्याचेच आहेत. मग बाबा इंजिनिअर का झाले?” मी त्याच रात्री विमानाचं तिकीट काढलं. १९७९ च्या जुलैत इंजिनिअरिंगची यादी लागली, ती पाहायला मी गेले होते, तू नाही. येता येता पेढे घेतले आणि अख्ख्या कॉलनीत वाटत घरी आले. तू दारात उभा होतास. तुझ्या हातात सायन्स कॉलेजचा भरलेला फॉर्म होता, भूशास्त्राचा. मी तो पाहिला, नंदू. पाहिला, आणि तुझ्या तोंडात पेढा घातला. तोंडात पेढा असलेल्या मुलाला बोलता येत नाही. तू कधी बोललाच नाहीस, आणि एकोणतीस वर्षं मी त्याला तुझा होकार समजत आले. शनिवारी तू जे केलंस ते माझ्याकडून शिकलास, म्हणून तर मला इतका संताप आला.

फोन करू नकोस, मी घेणार नाही. फोनवर तू “बरं, बरं” म्हणून सुटतोस. शनिवार, २६ एप्रिलला दुपारी चार वाजून दहा मिनिटांच्या आत तुझ्या हातचं उत्तर शुभाच्या पत्त्यावर यायला हवं, मराठीत, दोन प्रश्नांचं. पहिला: त्या करारावर सही केलीस का? दुसरा: त्या दिवशी दारात मी आधी तुला विचारलं असतं, तर तू काय म्हणाला असतास? दुसऱ्याचं उत्तर कितीही कडू असलं तरी पूर्ण लिही.

अजूनही तुझीच,
आई