पांदणीवरचा नऊ नंबर

मंगळवार. कापूस वेचणीचे दिवस.

जिंकलो.

लोणार रस्त्यालगत नवी वसाहत होणार, हरकती कळवा. नगरपंचायतीचा हा ईमेल माझ्याकडे तेवीस वेळा आला होता. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मी सगळ्यांच्या फॉर्मवर माझाच ईमेल पत्ता टाकतो ना. आळस, दुसरं काय. पण एकदाच आला असता तर उघडला असता का मी? नकाशात आमची पांदणच नव्हती. शेतातला कापूस गावात आणायची एकुलती वाट, अन् तिथं प्लॉट नंबर नऊ. मग तेवीस जणांच्या हरकती माझ्याच ईमेलवरून पाठवल्या.

आज नगरपंचायतीचे साहेब जागेवर पाहणीला आले. म्हणाले, "तेवीस हरकती, ईमेल एकच. ही माणसं खरी आहेत का?"

पांदणीत तेवीस गाड्या कापूस भरून उभ्याच होत्या. पहिल्या गाडीवरून रशीदचाचा बोलले, "मी खरा हावो साहेब. आता सांगा, नऊ नंबरच्या स्वयंपाकघरातून गाडी नेऊ का?"

साहेबांनी नकाशातल्या नऊ नंबरावर लाल फुली मारली.

संध्याकाळी चाचा दुकानात आले. "मले बी माह्या नावाचा ईमेल काढून दे बे."

"काऊन चाचा? माझाच राहू द्या. तेवीस वेळा आला म्हणून तर उघडला."