पोस्टरवरचा हार

रेगेन्सबर्ग, रविवार, नोव्हेंबर २००९

आज सईवर उगाच ओरडले. तिच्या लाडक्या कोरियन ग्रुपमधला एक गायक ग्रुप सोडून गेला. त्याच्या आवाजाविना आलेलं नवं गाणं ऐकून पोरगी दोन दिवस रडतेय. आज तर पोस्टरवरच्या त्याच्या चेहऱ्यावर दिवाळीतला प्लास्टिकचा झेंडूचा हार चिकटवला! हार!

"काढ आधी! जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का?"

नेहमीसारखं जर्मनमध्येच उत्तर आलं, "आजोबा आता कधीच दिसणार नाहीत म्हणून तू त्यांच्या फोटोला हार घातलास ना, आई? मग हाही ग्रुपमध्ये कधीच दिसणार नाही."

हार मीच काढला.

पुण्यात आईच्या शोकेसमध्ये माझा फोटो आहे, लग्न करून इकडे येण्याआधीचा. ती तो रोज पुसते. फक्त हार नाही.