पुदुकुप्पम्ची पोच

रवि. २४ ऑक्टो. १९९३

सराव पार पडला. वादळ आलंय, फोन बंद आहेत असं समजायचं आणि रेडिओवरून टाइप केलेले निरोप धाडायचे. तंजावरहून रंगराजन् सूत्रं हलवणार, इथे मेलकावेरीला माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत मी, आणि समुद्राकाठी पुदुकुप्पम्ला माझा धाकटा भाऊ राघव. मी टाइप करायचं, कम्प्युटर आणि रेडिओ यांना जोडणाऱ्या पेटीने मजकुराची पुडकी बांधून पाठवायची, पलीकडच्या पेटीने पोच द्यायची. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. रंगराजन् खूश. पुदुकुप्पम् उत्तम, म्हणाले.

दुपारी राघवचा बूथवरून फोन. "अक्का, मी नव्हतोंच कीं. शाळेंत मुलांची कबड्डी होती." म्हणजे सकाळभर आम्ही दोघे शहाणे एका रिकाम्या खोलीशी बोलत होतो आणि ती खोली आम्हाला पोच देत होती. कम्प्युटरही बंद होता म्हणे, नुसती पेटी आणि बॅटरी. त्याला हसू आवरेना. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र बरं वाटलं नाही.

सोम. २५ ऑक्टो.

रंगराजन्ना रेडिओवर सांगितलं. ते म्हणाले, हीच तर या पद्धतीची खुबी, माणूस नसला तरी निरोप पोचतो. बँकेतला माणूस, पोचपावती मिळाली की विषय संपला. मी म्हटलं, निरोप पोचला, कुणाला? त्यांनी सरावाचा निकाल काही बदलला नाही. स्वभाव गोड आहे, भांडणही धड करता येत नाही.

रवि. १४ नोव्हें.

दिवाळीला राघव आणि त्याची बायको कमळ आले. कमळ आता इथेच राहणार. सातवा महिना, रक्तदाब चढतो, आणि तिच्या माहेरी करणारं कुणी उरलेलं नाही. डॉक्टरीण बजावून गेली आहे की हिला कसलाही धक्का लागू देऊ नका. समुद्राकाठच्या हेडमास्तराच्या बायकोला!

रा.ला समोर बसवून नियम घालून दिला. यापुढे पोच आली तरी मी धरणार नाही. मी विचारीन, आज काय जेवलास, आणि तू हाताने उत्तर द्यायचं. पेटीला जेवण ठाऊक नसतं.

"वादळांत मी काय जेवलों तें सांगूं?"

"सांग. उपास असला तर उपास म्हण."

डांगर पचडीवर ताव मारत कबूल झाला. कुप्पम्मध्ये, म्हणजे त्या कोळीवाड्यात, पक्क्या छताची इमारत एकच, त्याची शाळा. वादळ आलं की सगळी माणसं तिथेच येणार, म्हणून इशारा मिळताच घरातलं यंत्र शाळेत हलवायचं असं ठरलंय. घर त्याचं अगदी वाळूवर आहे. पन्नास वेळा सांगितलं, घर बदल. समुद्राचा वारा कमळला मानवतो म्हणे.

शनि. २७ नोव्हें.

रोज संध्याकाळी रा.चं जेवण कळतं. वत्तकुळंबु, ताक-भात, एकदा "जळालेलं काहीतरी". कमळ दारात उभी राहून ऐकते, म्हणजे बघते. यंत्राची किरकिर तिला आवडत नाही, म्हणते कानांत किडा गेल्यासारखें होतें. पण वेळ झाली की येतेच. मी पडद्यावरचं वाचून दाखवते. रोमन लिपीतलं आमचं मराठी तिला पटकन लागत नाही, आणि रा. टाइप करतो दोन बोटांनी. माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, सांगायची लाज वाटते.

गुरु. २ डिसें.

रेडिओवर पुयलचा, वादळाचा इशारा. दरवर्षी येतो इशारा, दरवर्षी मी मेणबत्त्या आणून ठेवते, मग वादळ आंध्राकडे वळतं आणि मी उगाच घाबरले म्हणून सगळे हसतात. या वेळीही वळू दे, खुशाल हसा.

रा.: लिंबू-भात. समुद्र शांत, नको तितका.

शुक्र. ३ डिसें.

संध्याकाळी रा. तुटक तुटक. होड्या वर ओढल्या. म्हातारी माणसं शाळेत आणली. काही घरं हलायला तयार नाहीत, परत जाऊन सांगतो. "यंत्र आता शाळेत नेतो, बॅटरी आधी. जेवलो नाही अजून." मी लिहिलं, जेव आधी. पोच आली. उत्तर नाही, पण म्हटलं तारा सोडवत असेल.

कमळला सांगितलं, शाळेत जातोय. एवढंच सांगितलं.

शनि. ४ डिसें.

पहाटेपासून वारा. इथेच एवढा, तर तिथे... मागल्या अंगणातला नारळ शेजाऱ्यांच्या न्हाणीवर आडवा. वीज गेली, फोन गेला. इन्स्टिट्यूटची कौलं उडाली, टाइपरायटरांवर ताडपत्री घातली. गच्चीवरचा अँटेना वाकला, पण उभा आहे.

दुपारी वारा जरा पडल्यावर लॉरीच्या बॅटरीवर यंत्र सुरू केलं. पुदुकुप्पम्ला हाक दिली आणि पडद्यावर कनेक्टेड! ओरडलेच मी. विचारलं, कसे आहात. पोच. शाळेत किती माणसं. पोच. काय जेवलास. पोच. पोचच पोच. उत्तर एकाचंही नाही. माइक घेऊन आवाजानेही हाका मारल्या.

माझं ओरडणं ऐकून कमळ भिंत धरत धरत आली होती. चेहरा पांढरा. "काय झालें अक्का? ते बोलले?"

मी म्हटलं, "जवाब येतो आहे."

तिने विठ्ठलाचं नाव घेतलं आणि मग कॉफी मागितली. कालपासून पोटात काही नव्हतं तिच्या. मीच करून दिली. जवाब येतो आहे यात खोटं एक अक्षर नाही, असं चुलीपुढे स्वतःला सांगत होते. मला ते पटलं नाही.

रवि. ५ डिसें., सकाळ

पुन्हा तसंच. पेटी जिवंत, म्हणजे बॅटरी पाण्यात गेलेली नाही. अँटेना उभा, म्हणजे ज्या भिंतीला तो बांधलाय ती भिंत उभी. पण कुठली भिंत, शाळेची की घराची? यंत्र शाळेत पोचलं असेल तर रा. पोचला. घरातच असेल तर तो बॅटरी न उचलताच कुणाला तरी आणायला गेला, आणि... इथून पुढे विचार करत नाही. करतेच आहे.

रंगराजन्ना तंजावरला कळवलं. ते म्हणाले, उत्तर येत नाही ही वाईट खूण, पण पोच येते ही चांगली. तेवढं मलाही कळतं.

रवि. ५ डिसें., संध्याकाळ

जे झालं ते लिहून ठेवते.

मी गच्चीवर अँटेना सरळ करत होते. तेवढ्यात तिरुभुवनम्चे रेशीमवाले चेट्टियार खाली आले. आमच्याकडे यंत्र आहे हे त्यांना ठाऊक. व्यापाऱ्यांनी दोन लॉऱ्या काढल्या आहेत, तांदूळ, रॉकेल, एक डॉक्टर, दोर. किनाऱ्याच्या कुठल्या गावाकडे आधी जावं, विचारायला आले होते. तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर, कमळ बसली होती. तिनेच उत्तर दिलं. पुदुकुप्पम्हून कालपासून जवाब येतो, आमच्या घरातले तिथे आहेत, सगळं ठीक आहे. चेट्टियारांनी हात जोडले, मग दक्षिणेकडच्या गावांना जातो म्हणाले आणि गेले.

मी खाली आले तर ही आनंदाने सांगतेय. आपली माणसं सुखरूप आहेत, तर तांदूळ दुसऱ्यांना मिळू देत. किती चांगली पोर आहे. आणि मी "सरि", बरं, म्हणून आत गेले. गेले खरी! आत जाऊन आणखी एकदा हाक दिली, एकदा तरी उत्तर येऊ दे म्हणून. पोच आली.

मग राहवेना. सांगितलं नाही तर त्या गावाकडे कुणी फिरकणार नाही, आणि माझ्या एका वाक्याने. सांगितलं तर हिचं काय होईल. डॉक्टरणीचे शब्द डोक्यात वाजत होते. शेवटी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि सांगितलं. पेटी आपोआप पोच देते. रिकाम्या घरातला फोनही वाजतोच की, तसं. राघव बोललेला नाही. शुक्रवारपासून बोललेला नाही.

मी तिचा हात धरायला गेले, तिने तो पोटावर ठेवला.

"म्हणजे काल मी विचारलें, तेव्हां तुमीही पेटीसारखीच पोच दिलींत."

रडू येत होतं, पण तिच्यापुढे रडायचा मला काय हक्क.

"जावा तुमी," म्हणाली. "लॉरी निघून जाईल. आणि जाण्याआधीं कोणती कळ दाबायची तें दाखवा."

बस नव्हत्या. एका ओळखीच्याच्या स्कूटरवर मागे बसून तिरुभुवनम्ला गेले, रस्ताभर पडलेली झाडं. एक लॉरी निघून गेली होती. दुसरी भरत होते. चेट्टियारांना समजावणं सोपं नव्हतं. मशीन बोलतंय आणि माणूस बोलत नाही, हे कसं, अम्मा? त्यांनाही फोनच्या घंटेचंच सांगितलं. चारचौघांत, माझ्या तोंडाने, तमिळमध्ये. माझा भाऊ तिथे आहे आणि मला त्याची काही खबर नाही, हे वाक्य तोवर मी मराठीतही उच्चारलं नव्हतं. मग चेट्टियार ड्रायव्हरला म्हणाले, उद्या उजाडताच पुदुकुप्पम्.

घरी आले तर कमळ यंत्रापुढे, उशीला टेकून. जेवली नव्हती. माझ्याशी बोलली नाही, पण पान वाढलं तेव्हा दोन घास खाल्ले.

सोम. ६ डिसें.

लॉरी गेली. वाटेत नदीचं पाणी रस्त्यावर आहे म्हणतात, फिरून जावं लागेल. बाजारात नको ते ऐकू येतं. कुणी म्हणतं कुप्पम्च्या कुप्पम् नाहीत, कुणी म्हणतं काही झालं नाही. सांगणारा एकही स्वतः जाऊन आलेला नाही.

कमळने आज स्वतः टाइप केलं. एकेक अक्षर शोधून, मला विचारत. kaay jevlaant. पोच आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "हें आलें, पण हे नाहींत." आणि पुन्हा तेच लिहिलं. मी थांबवलं नाही. बॅटरी जपायला हवी होती, आमची आणि तिथली, कारण प्रत्येक पोच तिथली बॅटरी खाते. हेही तिला सांगितलं. आता काहीच लपवत नाही. मग तिनेच ठरवलं, दर तासाला एकच हाक.

डॉक्टरीण येऊन गेली. दाब वाढलाय, फार नाही. माझ्यावर चिडली. चिडू दे. तिला काय सांगू, खोटं सांगून मी हिचा दाब उतरवला होता आणि एका गावाचा तांदूळ घालवत होते.

रा.वर भयंकर राग येतोय. आधी यंत्र न्यायचं, मग लोक. नाही, आधी लोकच. तेच केलं असणार त्याने. म्हणून तर राग येतो.

मंगळ. ७ डिसें.

सकाळच्या सगळ्या हाकांना पोच. रेडिओवरची सुई रोजच्यासारखी चढत होती, जोर तसाच. दुपारी कमळने हाक दिली आणि काही नाही. परत दिली. पेटी आपली प्रयत्न करत राहिली आणि शेवटी थकून तिने पडद्यावर लिहिलं की समोरून कुणी नाही.

बॅटरी मरते तेव्हा असं होत नाही. सुई उतरत जाते, पुडकी परत परत पाठवावी लागतात, रडतखडत जातं सगळं. सरावांत पाहिलंय मी. हे एकदम तुटलं. कुणी तरी तार काढली, किंवा बटण दाबलं, किंवा बॅटरी दिव्यासाठी नेली. लॉरीवाले पोचले असतील, वेळ जुळते. किंवा भिजलेली भिंत आज दुपारी खाली आली. तेही जुळतं.

रंगराजन्ना विचारलं. लॉरीची त्यांनाही खबर नाही.

कमळने माझा चेहरा वाचला असावा. म्हणाली, "यंत्र आपणहून बंद होत नाहीं नं अक्का? कोणाचा तरी हात लागला असेल नं?"

तोंडावर आलेलं "होय" गिळलं. किती सोपं होतं ते. म्हटलं, "मला ठाऊक नाहीं, कमळे. हात असेल, भिंतही असेल."

तिने मान हलवली. जरा वेळाने सरकून बाकावर माझ्यासाठी जागा केली. तास झाला की पुन्हा हाक देणार आहोत.