वस्तादांची मिशी काढली

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा. सकाळी ९.२०
आजपासून मी फोटोग्राफर. निर्णय पक्का झाला आहे, फक्त कॅमेरा घ्यायचा राहिला आहे.

कारण असं. शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीला दोन फेब्रुवारीला शंभर वर्षं पूर्ण होतात. भिंतीवर जुन्या मल्लांचे अकरा फोटो आहेत. बाराव्या खिळ्यावर सध्या कॅलेंडर. तिथं आता आकाराम वस्तादांचा फोटो लागणार. वस्ताद अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उमेदीत त्यांनी लंगोटावरचा एकही फोटो काढू दिला नाही. नजर लागते म्हणून. आता तेवढी एकच इच्छा राहिली आहे म्हणतात. सेक्रेटरी गणपतराव स्टुडिओवाल्याला सांगायला निघाले होते. मी म्हणालो, स्टुडिओवाला कशाला? मी काढतो, डीएसएलआरवर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आदरानं.

४ नोव्हेंबर
यूट्यूब सहा तास. पंधरा दिवस अभ्यास, मग खरेदी. वहीत तक्ता केला, कुठल्या फोटोला कुठली लेन्स: पोर्ट्रेट, पक्षी, लँडस्केप, लग्न, खाद्यपदार्थ, फुटबॉल. बायकोनं, म्हणजे संयोगितानं, तक्ता वाचला आणि विचारलं, फोटो एकाच माणसाचा काढायचाय न्हवं? हसलो. दूरदृष्टी समजावून सांगता येत नाही.

९ नोव्हेंबर
वस्तादांनी पुन्हा जोर सुरू केले. बावीस वर्षांनी. पहाटे पाचला पंचवीस जोर, पन्नास बैठका, वर खारीक-बदाम. गणपतराव काळजीनं म्हणाले, वस्ताद, या वयात कशाला? वस्ताद म्हणाले, लंगोटावर फोटो म्हंजे अंग दिसाय पायजे की, का निस्ता लंगोट दाखवू?
मीही तयारीला लागलो आहे हे त्यांना सांगितलं. आज तीन तास कॅमेऱ्याच्या सेन्सरचा अभ्यास.

१७ नोव्हेंबर, रविवार
राजारामपुरीत कॅमेऱ्याच्या दुकानात. दुकानदाराचं नाव अनेकांत. पोरगा हुशार आहे, पण धंद्यात अजून कच्चा. म्हणाला, डीएसएलआर आता फारसं कोण घेत नाही काका, मिररलेस बघा. (काका! मी सेहेचाळीस.) मी विचारलं, मिररलेसचा खट्याक आवाज येतो का? तो अभिमानानं म्हणाला, अजिबात येत नाही. मग उपयोग काय? फोटो काढला हे चार लोकांना कळायला नको?
मग त्यानं एक वापरलेला पण चांगला डीएसएलआर दाखवला. सोबत साधी १८-५५ लेन्स. म्हणाला, तालमीत याच्यावर सगळं निघतंय. मी सांगितलं, ही लेन्स नवशिक्यांसाठी असते. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं.

२४ नोव्हेंबर
घेतला! फक्त बॉडी. १८-५५ नाकारली. लेन्स सखोल अभ्यासानंतर.
थेट तालमीत जाऊन जाहीर केलं, बॉडी आली. वस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पोटापाशी थोडे थांबले. म्हणाले, कुठं आलीया? आन् बॉडी दुकानात मिळती व्हय रं इज्या? ती कमवाय लागती. मी खुलासा केला की लेन्स सोडून जो कॅमेरा उरतो त्याला बॉडी म्हणतात. त्यांनी विचारलं, मग ह्यातनं काय दिसतंय? सध्या काही नाही, म्हणालो. त्यांनी एक शड्डू ठोकला आणि लाल मातीच्या हौद्यात उतरले.

१ डिसेंबर
बॉडी शोकेसमध्ये. रोज संध्याकाळी काढतो, पुसतो, बटण दाबतो. खट्याक. फार समाधान वाटतं.
वस्ताद पन्नास जोरांवर.

१५ डिसेंबर
लेन्स घेतली. ७०-३००. तक्त्यात सर्वांत जास्त टिकमार्क हिलाच होते. पन्हाळ्याच्या बुरुजावरचा माणूसही खालून ओळखू येईल. अनेकांत म्हणत होता, काका, तालीम वीस फूट, तुम्ही उभं कुठं ऱ्हाणार? विक्रेत्यांनी असं निराशावादी असू नये.

२२ डिसेंबर
ट्रायल. एका भिंतीला वस्ताद, दुसऱ्या भिंतीला मी, पाठ टेकून. फ्रेममध्ये छाती आणि हनुवटी. तालमीबाहेर गेलो, कंबरेपर्यंत आले. बोळ ओलांडून पिठाच्या गिरणीच्या पायरीवर चढलो; तिथून वस्ताद पूर्ण येतात, पण मध्ये स्कूटीही येतात. एक बाई गाडी थांबवून म्हणाल्या, काढा काढा पावणं, आमी थांबतो. त्या फ्रेममध्येच थांबल्या. वस्ताद अर्धा तास उघड्या दारात, डिसेंबरच्या थंडीत, लंगोटावर. शेवटी तेच म्हणाले, ऱ्हाऊ दे, घाई न्हाई, अजून दंड भरायचा हाय.
त्यांना वेळ हवा होता. म्हणून मी दिला.

५ जानेवारी २०२५
७०-३०० बदलून ५० एमएम १.८ घेतली. अनेकांतनं पुन्हा ती १८-५५ पुढे सरकवली. हा मुलगा हट्टी आहे. ५० ची खासियत म्हणजे मागचं सगळं विरघळून जातं. साखरेसारखं. यूट्यूबवरचे गुरू सांगतात: पोर्ट्रेट म्हणजे डोळे. जवळ जा. मग अजून जवळ जा.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी १
ऐतिहासिक सकाळ. ७ ते ७.४०. एकूण ४१२ फोटो.
वस्ताद तेल लावून, लाल लंगोट, खांद्यावर गदा. खरं सांगायचं तर मीही क्षणभर कॅमेरा विसरलो. छाती भरली होती, दंडावर शीर दिसत होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! बघायला सगळी पेठ लोटली. कुणीतरी शिट्टी मारली. वस्ताद लाजले, आणि मग गदा आणखी वर उचलली.
उजेड चांगला पडेपर्यंत गदा तशीच धरा म्हणालो. त्यांनी धरली. मी जवळ गेलो. मग अजून जवळ गेलो.

संध्याकाळी ६.३०
वस्तादांच्या पाठीत उसण भरल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आडवं पडायचं, वजन उचलायचं नाही. मॉडेलच्या तब्येतीची जबाबदारी फोटोग्राफरवर येत नाही. पण फोटो झालेत, हे किती बरं.

२१ जानेवारी
तालमीत फोटो दाखवले. भिंतीवर, प्रोजेक्टरनं. वस्तादांना खुर्चीत बसवून आणलं होतं, पाठीला उशी.

निष्कर्ष, तटस्थपणे: मिशीची डावी बाजू अप्रतिम आली आहे. केसन् केस मोजून घ्यावा. डोळ्यांवर धरलेला फोकस तिथं का गेला, हा कंपनीचा प्रश्न आहे. मिशीच्या मागे सगळं मऊ, दुधाळ. छातीच्या खालचं एकाही फोटोत नाही.
गणपतरावांनी विचारलं, मागं त्यो लाल डाग कसला? मारुती, म्हणालो. पार्श्वभूमी विरघळवणं ही कला आहे. ते म्हणाले, मारुतीला इरगळवला? तालमीत?
वस्तादांनी ४१२ पैकी शंभरेक तरी बघितले. मग विचारलं, अंग कुठल्या फोटूत हाय? कुठल्याच नाही, म्हणालो. ते म्हणाले, अडीच म्हैनं मी जोर काढलं, आन् तू माझी मिशी काढलीस व्हय रं?
आणि उशी हातात घेऊन उठले. कुणाचा हातही धरला नाही.

२२ जानेवारी
पेठेत भलतीच बातमी पसरली आहे: विजयसिंहानं वस्तादांची मिशी काढली. सकाळपासून माणसं वस्तादांच्या घरी जाऊन मिशी जागेवर आहे का बघून येत आहेत. दूधवाल्यानं मला दूध घातलं नाही. सलूनवाला म्हणाला, मालक, आमी चाळीस वर्षं धंदा करतोय, पर हे धाडस आमाला झालं न्हाई. संयोगिता म्हणते, चार दिवस माझ्या माहेरी आजऱ्याला जाऊन ऱ्हावा. गेलो नाही. आजऱ्यात बातमी आधीच पोचली होती.

२४ जानेवारी
फोटो पुन्हा काढणं शक्य नाही. वस्तादांना चमचासुद्धा जपून उचलावा लागतो. काल म्हणाले म्हणे, कॅलेंडरच ऱ्हाऊ दे त्या खिळ्याला, निदान तारीख तरी कळती.
गणपतरावांनी सयाजी पेंटरला बोलावलं आहे. साठी ओलांडलेला माणूस, दुकानांच्या पाट्या रंगवतो. लहानपणी त्यानं वस्तादांच्या कुस्त्या शेंगा खात बघितल्या आहेत. तेवढ्या भांडवलावर चित्र काढणार! मी मोठ्या मनानं ४१२ फोटो पेनड्राइव्हवर घालून दिले. रॉ फाईल, खास सॉफ्टवेअरवरच उघडणाऱ्या. सर्वोत्तम दर्जा.

२ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८
शताब्दी झाली. चित्रावरचा पडदा वस्तादांनीच बाजूला केला.
पंचवीस वर्षांचे वस्ताद. मांड्या खांबासारख्या, दंडावर शीर, मागे मारुती शेपटीच्या टोकापर्यंत स्पष्ट. एवढं सगळं फोकसमध्ये घेणं हे कलेच्या दृष्टीनं चूक आहे, पण लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मिशी मात्र केसन् केस. ती माझ्या फोटोवरून घेतली आहे हे मी शेजारच्या तिघांना सांगितलं. सयाजीनं ते ऐकलं. मोठ्यानं म्हणाला, तुमचा पेनड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरवर उघडलाच न्हाई पावणं. वस्तादांची मिशी मला पाठ हाय.
सामान्य माणसाला रॉ फाईल झेपत नाही, हे मी विसरलो होतो.

वस्ताद चित्रासमोर बराच वेळ उभे होते, एक हात कमरेवर. दुसऱ्या हातानं चित्रातल्या दंडाला बोट लावून बघितलं. रंग ओला होता, सयाजी ओरडला. वस्ताद बोट लंगोटीयाराला दाखवावं तसं सगळ्यांना दाखवत फिरले. मग मला हाक मारली. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला, रंगाचाच, आणि म्हणाले: इज्या, लई बरं झालं तुझं जमलं न्हाई. फोटू निघाला असता तर म्हातारा लागला असता की रं भिंतीवर.

सगळी तालीम हसली, टाळ्याही झाल्या. माझ्या कामाची ही पहिली जाहीर दाद. 'जमलं न्हाई' एवढे दोन शब्द वगळले, तर वाक्य चांगलं आहे.