रविवारचे ओले केस

चि. संजनास,
पोशीरहून तुझ्या सासूचे आशीर्वाद.

तू खोपोलीला माहेरी गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. कळंबच्या रिसॉर्टात चादरी धुण्याचं तुझं काम, पण दर रविवारी तू डोकं भिजवून यायचीस. विचारलं तर म्हणायचीस, "उकडतं म्हणून अंघोळ केली, आई." मला ते पटलं नाही. कोणीतरी पुरुष असणार असं धरून एका रविवारी मी रिक्षानं तुझ्या मागोमाग आले.

पाहुणे गेले होते आणि त्यांच्या स्विमिंग पुलात तू एकटीच पोहत होतीस, अंगातल्या कपड्यांनिशी. झाडलोट करणारी बाई म्हणाली, "सा म्हयने शिकतेय. न थांबता वीस फेऱ्या मारायच्या हायत तिला."

"कशासाठी गं?"

"कशासाठी नाय. सोतासाठी."

विसावी फेरी संपल्यावर तू काठ धरून हसलीस. तसं हसताना मी तुला आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं. तुला न भेटताच मी परतले.

दुसऱ्या दिवशी स्वप्नीलनं विचारलं, "आई, हिचं काय चाललंय?" सगळं ठाऊक असून मी म्हणाले, "तुझी बायको, तूच बघ." त्यानं मग तुला काय काय ऐकवलं ते तुला माहीत आहे.

परपुरुष असता तर मला भांडता आलं असतं. माणूस एकटं एवढं सुखी कसं होतं, याचा मला अजूनही संशय येतो. काल स्वप्नीलला खरं सांगायला जवळ बसले, आणि चहा घेतोस का, एवढंच विचारून उठले.

तुझी सासू,
गौराबाई