रांजण माझे, पाटी तुमची

बेगोल,
८ ऑक्टोबर १९९३

सौ. चोंगहे वन्संना,
न. वि. वि. यातला एक ‘वि’ विनंतीचा असतो, पण आज तो तक्रारीचा समजावा.

चुसोकच्या सणाला येऊन गेलात, सुखरूप सोलला पोचलात, बरं वाटलं. जावईबापूंचा खोकला कसा आहे? नाशपाती मधात शिजवून द्या, दुकानातल्या गोळ्या नकोत. इकडे पर्सिमनच्या झाडाला यंदा इतकी फळं लागलीत की फांदीला टेकू द्यावा लागला.

आता मूळ मुद्दा. काल छापखान्याकडून बाटलीवर चिकटवायच्या कागदाचा नमुना आला. हे लहान पोरासारखे घरभर नाचवत होते. मी हात पुसून बघायला गेले, तर कागदावर कोण? तुम्ही! रेशमी कपडे घालून, माझ्या रांजणांपाशी, माझी पळी हातात घेऊन उभ्या. पळी धरलीय तीही अशी, की बाई वारा घेतेय असं वाटावं. आणि वर मोठ्या अक्षरांत, ‘ग्वाक यांचा घरचा सोया सॉस’.

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. सोयाबीन शिजवते मी. कुटते मी. त्याच्या विटा करून पेंढ्याने बांधून आढ्याला टांगते मी, आणि हिवाळाभर तो वास माझ्या केसांत राहतो. ऊन आलं की झाकणं काढायची, आभाळ आलं की धावत जाऊन लावायची. तुम्ही चार तास आलात, फोटो काढलात आणि बाटलीवर चढून बसलात. राबायचं मी आणि मिरवायचं तुम्ही, वा गं वा!

या घरात हे ग्वाक, मुलगा ग्वाक, मुलगी ग्वाक. अख्खं गाव ग्वाक. मी एकटी प्यो. आपल्यात बाईचं आडनाव लग्नाने बदलत नाही हे खरं, पण मला ते घेऊन करायचं काय होतं? नावाने तर कोणी हाकही मारत नाही. माहेरच्या गावावरून सगळे चुन्दोलवाली म्हणतात. आता धंदा नवा निघतोय तर पाटीही नवी लागू दे. ‘प्यो’ असं लिहा. यांना सांगितलं तर हे छताकडे बघतात, म्हणून तुम्हाला लिहिते.

लोभ आहे. तो वाढेल की आटेल ते तुमच्या उत्तरावर.
तुमची वहिनी,
ओक्बून

सोल,
१९ ऑक्टोबर १९९३

ती. वहिनींना,
चोंगहेचा वाकून नमस्कार. रागावलेय, तरी वाकून.

खोकला बरा आहे. नाशपातीचा गुण आला, तेवढ्यापुरते उपकार.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग नाकाला मिरच्या झोंबल्या. धंद्याची कल्पना कोणाची, वहिनी? दादा नोकरीतून मोकळा झाल्यापासून उंबऱ्यावर बसून माशा मारत होता. बाजारातला गाळा कोणी शोधला? आमच्या यांनी. दुकानात दिवसभर उभं कोण राहणार? मी. इथे लोक जुन्या घराण्याचं नाव बघून बाटली उचलतात. ग्वाक म्हटलं की म्हाताऱ्या मान डोलावतात. प्यो म्हटलं तर विचारतील, ही कोण बाई?

आणि रांजण तुमचे म्हणता! त्या अंगणात मी जन्मले. पण आई झाकण उघडायची तेव्हा मला बाहेर पिटाळायची. मुलगी चव परक्या घरी नेते म्हणे. मी कुंपणाआडून नुसता वास घ्यायचे. मग तुम्ही आलात, आणि तिसऱ्याच वर्षी आईने जुन्या रांजणाची पळी तुमच्या हातात दिली. ज्या रांजणातलं थोडं थोडं दर वर्षीच्या नव्या सॉसमध्ये घालतात, त्या रांजणाची! मी तेव्हा शाळेत होते. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हाही जळले, आजही जळते. माझं अंगण तुम्हाला मिळालं, माझा भाऊ मिळाला, माझी आईसुद्धा. शेवटच्या आजारात मी सोलहून धावत आले, तर ती विचारत होती, चुन्दोलवाली कुठे गेली? माझी मुलं बापाच्या आडनावाने ‘आन’ आहेत. त्या घरातलं माझ्याकडे एवढं एक आडनाव उरलंय. तेही काढून घेता?

राग मानू नये असं लिहायची पद्धत आहे. मी लिहीत नाही.
ग्वाक चोंगहे

बेगोल,
४ नोव्हेंबर १९९३

ग्वाक चोंगहेबाईंना,
प्यो ओक्बूनबाईंचा नमस्कार.

रांजणांच्या अंगणाला कुलूप लावलंय आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. हे म्हणाले, जाऊ दे ना, बायकांचं भांडण. मी म्हटलं, मग जेवणही बायकांचंच. गेले चार दिवस घरात सगळं नुसत्या मिठात शिजतंय. हे ताटाकडे असं बघतात, की दगडाला दया यावी. मला येत नाही.

परवा सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं. तुम्ही आला नाहीत, माझ्यावरच्या रागाने आईला चुकवलंत. ते बरं केलं नाही. यांनी रिवाजाप्रमाणे कागदावर त्यांचं नाव लिहून मांडलं. काय लिहिलं? सोक. सासूबाई सोकांच्या. त्यांच्या सासू बानांच्या होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यांच्या आधीची कोणी मा होती. मी श्राद्धाचा भात वाढता वाढता थांबलेच. आपल्यात एका घराण्यात लग्न होत नाही, म्हणजे या घरात आलेली एकही सून ग्वाक नव्हती. आणि सॉस तर सासूकडून सुनेकडे येतो. मग सांगा, वन्सं, या सॉसला आजवर कुठल्या ग्वाकाचा हात लागला? ग्वाकांनी नुसतं खाल्लं!

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचं. सासूबाई मला हाक मारायच्या, कारण त्यांचं भांडं मी बदलायचे. त्याचा काय हेवा करता? उशीखाली फोटो तुमचा होता. मी आजारपणात त्यांची कूस बदलली, उशी बदलली, आणि दर वेळी तो फोटो परत जागेवर ठेवला. माझा एकही फोटो या घरात कोणी कधी जपला नाही. मी तेव्हा किती जळले ते बोलले नव्हते. आज सांगितलं.

पाटीवर प्यो लागल्याशिवाय एक बाटली येणार नाही.
मुलांना आशीर्वाद. तुम्हाला सध्या नाही.
ओक्बून

सोल,
२ डिसेंबर १९९३

ती. वहिनींना, नमस्कार.

फोटोचं मला ठाऊक नव्हतं. कोणता होता ते कळवा. शाळेतला की लग्नातला?

तुम्ही जिंकलात. पाटी रंगवायला दिलीय, ‘प्यो’ अशी. बाटलीवरचा माझा फोटोही काढून टाकायला सांगितला, छापखानेवाला हळहळला. पाटीवाल्याने विचारलं, तुम्हीच का प्यो? मी म्हटलं, नाही, मी नुसती दुकानात बसणारी. मला आनंद झालाय असं समजू नका. रोज सकाळी त्या पाटीखालून आत जायचं म्हणजे दुसरीच्या लग्नात जन्मभर करवली होणं आहे. पण सॉसशिवाय दुकान म्हणजे नुसता गाळा, आणि दादा मिठाचं जेवून वाळला, असं तोच फोनवर रडत सांगत होता.

उद्घाटन पंधरा जानेवारीला. नवा कोट घालून या. तुमच्या माहेरीही मी कळवलंय. म्हटलं, त्यांनाही बघू दे.

श्राद्धाला आले नाही हे चुकलं. पण ते तुमच्यापाशी नाही, आईपाशी कबूल करते.
चोंगहे

बेगोल,
२० जानेवारी १९९४

सौ. वन्संना,
अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यातच धरा.

फोटो शाळेतला होता, दोन वेण्यांचा.

पाटीखाली उभी असताना मी तोंड का पाडलं होतं, असं तुम्ही विचारलंत आणि मी थंडीवर ढकललं. थंडी नव्हती. माझा भाऊ मानसू सूट घालून, सगळे पुतणे घेऊन आला, तो तुम्ही पाहिलात. पाटीखाली मधोमध उभा राहिला आणि फोटोवाल्याला हाक मारली. मला म्हणाला, तू जरा बाजूला हो. मी झालेसुद्धा! मग येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटला, हा आमच्या प्योंचा सॉस, आमच्या आईची कृती. वन्सं, आमची आई गेली तेव्हा मला धड वेणी घालता येत नव्हती. तिने मला सॉस शिकवला?

लग्नाच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझं पहिलं मूल पोटातच गेलं. मी रडत माहेरी गेले होते. याच मानसूने फाटकातून परत पाठवलं. म्हणाला, तू आता ग्वाकांची, इथे तुझं काही नाही. त्या फाटकावर प्यो लिहिलेलं होतं. मी ते वाचत उभी राहिले. परत आले तर बसथांब्यावर मला न्यायला तुम्ही उभ्या होतात, शाळेच्या कपड्यांत, खिशात दोन भाजलेली रताळी घेऊन. तुम्ही विसरला असाल.

आणि मी मेली या आडनावासाठी तुमच्याशी भांडले! ते माझं कधी नव्हतंच. बापाचं होतं, आता भावाचं आहे. तुमच्या घरात मी प्यो, त्यांच्या घरात मी ग्वाकांची. दोन्हीकडून बाहेरच. आता ती पाटी डोळ्यांसमोर नको. उतरवा ती. ग्वाक लावा. दगडापेक्षा वीट मऊ, तुम्ही लोकांनी निदान जेवू घातलं.

पुढच्या महिन्यात नवा सॉस घालायचाय. तुम्ही या. सासूबाईंनी काय सांगितलं होतं ते मला ठाऊक आहे, पण आता सासूच्या जागी मी आहे. बाह्या वर करून या.

तुमचा लोभ मी गृहीत धरलाय, नसेल तर तसं कळवा.
ओक्बून

सोल,
३ फेब्रुवारी १९९४

वहिनी,

रताळी तीन होती. एक मी वाटेत खाल्लं.

पाटी उतरवली. मानसूरावांचा फोन आला होता, घराण्याचा अपमान वगैरे. मी म्हटलं, आवाज येत नाही, आणि ठेवून दिला. ग्वाक मात्र लावली नाही. तुमचा तो मुद्दा डोक्यातून जाईना. आम्ही नुसतं खाल्लं, ते खरंच आहे. दादाला विचारलं, तू वहिनींना नावाने हाक मारतोस का रे? तो म्हणाला, छे, अगं ए म्हणतो, ती येते.

तर काल नवी पाटी लागली. त्यावर नुसतं ‘ओक्बून’. पाटीवाला म्हणाला, बाई, आडनाव राहिलं, लोक विचारतील कोणाची ओक्बून? मी म्हटलं, विचारू दे.

आज सकाळी समोरची मासेवाली आली आणि दारातूनच ओरडली, अगं ओक्बून, एक बाटली दे! मी दिली. मग दुसरी आली, तीही ओक्बून. संध्याकाळपर्यंत अख्खा बाजार मला तुमच्या नावाने हाक मारत होता, आणि मी ओ देत होते.

घरी येऊन भांडी घासताना मला तुमचा इतका हेवा वाटला, की हातातला वाडगा फुटला. मुलं मला आई म्हणतात. हे म्हणतात, ऐकलंस का. शेजारी मुलाच्या नावाने अमक्याची आई म्हणतात. नुसतं चोंगहे म्हणणारी एक आईच होती, ती गेली.

मी या महिन्यातच येते. हात लावीन, शिकेन, तुम्ही ओरडलात तर ओरडून घेईन. फक्त एक करा. तिथे मला वन्सं म्हणू नका.
चोंगहे