वासाचा आकडा

इंदूर, रविवार, संध्याकाळ

बाबांच्या जुन्या गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपात आज सेन्सर बसवला. पेट्रोल जास्त जळतंय की कमी, ते आता मीटर सांगणार. पूर्वी बाबा गाडीमागे उभे राहून नुसत्या वासावर सांगायचे. मध्यंतरी आलेल्या तापानंतर त्यांना वासच येईनासा झाला.

बसवण्याआधी सेन्सरला मोकळी हवा दाखवावी लागते, त्यावरून तो आपलं माप ठरवतो. पेरूच्या फांदीला टांगला आणि दोघं बघत बसलो. काय मस्त वारा होता!

मग गाडी सुरू केली. मीटरवर आलं, पेट्रोल जास्त. बाबांनी आकडा पाहिला, मागे गेले, डोळे मिटले. "हां बेटा, येतोय पेट्रोलचा वास!"

खरंच आला? की आकड्यामुळे नुसतं वाटलं?

पेट्रोल कमी करायचा कार्बोरेटरचा स्क्रू तसाच ठेवलाय. उद्याही येऊ दे त्यांना वास.